चेन, पट्टा आणि कोकणचा घाम: घड्याळ मनगटाच्या मध्यावर कशाने बसतं?

दुकानाच्या काउंटरवर घातलेलं घड्याळ मनगटावर अगदी मधोमध दिसतं. दुपारी स्कूटरच्या हँडलवर हात गेला की तेच घड्याळ करंगळीच्या बाजूला घसरतं, आणि वेळ बघायला मनगट पिळावं लागतं. यावर बहुतेक लोक एकच उपाय करतात, चेन आणखी घट्ट. मग मे महिन्यात दुपारी हात सुजल्यासारखा होतो, कड्यांचे वळ उठतात, लॉकखाली घामोळं येतं. घड्याळ मात्र घसरायचं थांबत नाही, कारण दोष घट्टपणाचा नसतोच. चेनच्या दोन बाजूंची लांबी चुकलेली असते.

म्हणून या परीक्षणात घड्याळाच्या कंपनीपेक्षा ते हाताला बांधणाऱ्या वस्तूंकडे जास्त लक्ष दिलं आहे: स्टीलची चेन, रबर, नायलॉन, चामडं, जाळीची चेन. शिवाय एसटी स्टँडजवळच्या दुकानात मिळणारी चेन कापण्याची सेवा. समोर धरलं आहे ते ३८ ते ४२ मिमीचं नेहमीचं घड्याळ. आणि हवा रत्नागिरी-सिंधुदुर्गातली, जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि उरलेले महिने खारा वारा असतो.

स्टीलची चेन: वस्तू चांगली, कापणी वाईट

आधी मनगटाचा आकार पाहा. मनगट गोल नाही, वरून-खालून चपटं आहे. वरच्या सपाट भागावर बॉडी बसते, खालच्या सपाट भागावर लॉक. दोन्ही ताठ. घडीचं लॉक साधारण ४० मिमी लांब असतं आणि बॉडी एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत ४६-४७ मिमी (कान म्हणजे पट्टा अडकतो ती चार टोकं). मनगटाचा घेर १७० मिमी धरला तर त्यातला निम्मा भाग वळतच नाही. वळणाऱ्या कड्यांना दोन्ही बाजूंना मिळून जेमतेम ८५ मिमी उरतात, म्हणजे सुमारे ८ मिमीच्या दहा-अकरा कड्या.

ताठ वस्तू सपाट जागा शोधते. हात हलता राहिला की लॉक आपोआप सरकत मनगटाच्या खालच्या सपाट भागाच्या मध्यावर येऊन बसतं, आणि येताना अख्खी चेन फिरवतं. लॉक मध्यावर असताना डायलही मध्यावर यायचं असेल, तर अंगठ्याच्या बाजूच्या कड्यांची लांबी आणि करंगळीच्या बाजूची लांबी त्या हाताला जुळलेली हवी. ती सहसा सारखी नसते. करंगळीच्या बाजूला हाडाचा उंचवटा असतो आणि लॉकचा सांधाही एका बाजूला जास्त जागा खातो.

आता बाजू ओळखा. हात छातीसमोर आडवा, तळवा खाली. डायलवरची ६ ची बाजू अंगठ्याकडे असते आणि १२ ची करंगळीकडे. घड्याळ डाव्या हातात असो की उजव्या, हे बदलत नाही.

घड्याळ करंगळीच्या बाजूला घसरत असेल तर ६ च्या बाजूची चेन लांब आहे. तिथली कडी काढा. अंगठ्याच्या बाजूला सरकत असेल तर १२ च्या बाजूची काढा. पहिला प्रकार फार जास्त दिसतो, म्हणून नवी चेन कापताना सुरुवातच ६ च्या बाजूला एक कडी कमी ठेवून करावी.

खात्री करायची रीत सोपी आहे. डायल बोटाने नेमका मध्यावर धरा, हात उलटा करा, मूठ आवळा. मनगटाच्या मधोमध दोन दोऱ्यांसारख्या शिरा वर येतात. लॉकचा मध्य त्यांच्यावर यायला हवा. तो करंगळीकडे असेल तर लॉक नंतर सरकून मध्यावर येणार आणि डायलला करंगळीकडे ढकलणार. पाच सेकंदांची ही चाचणी कडी काढायच्या आधी करायची असते, कारण एकदा चेन कापून हातात आली की लोक ती फक्त घट्ट आहे की सैल एवढंच बघतात.

मापाचा हिशेबही लक्षात ठेवण्यासारखा आहे. एका बाजूची एक कडी काढली की लॉकची जागा सुमारे ४ मिमीने सरकते आणि चेन ८ मिमीने घट्ट होते. तीच कडी दुसऱ्या बाजूला जोडली तर लॉक ८ मिमी सरकतं, घट्टपणा मात्र तोच राहतो. घट्टपणा बरोबर आहे पण घड्याळ घसरतं, अशी तक्रार असेल तर हाच दुसरा उपाय. दुकानदार तो क्वचितच करतात, कारण त्यात दुप्पट पिना काढाव्या लागतात.

लॉकच्या कडेला बारीक भोकं असतात. त्यांच्यात अंतर अडीच-तीन मिमीचं, म्हणजे तीन भोकं मिळून जवळजवळ एक कडी. कोकणात या भोकांना फार महत्त्व आहे. जानेवारीच्या सकाळी आणि मेच्या दुपारी एकाच मनगटाच्या घेरात जाणवण्याइतका फरक पडतो. म्हणून चेन दुपारी, थोडं उन्हात हिंडून आल्यावर कापून घ्यावी आणि तेव्हा पिन मधल्या भोकात असावी, म्हणजे दोन्हीकडे वाव राहतो. सगळी भोकं आधीच वापरून टाकलेली चेन पहिल्याच उन्हाळ्यात त्रास देते. नवीन घेताना चार किंवा जास्त भोकांचं लॉक बघा. दाबून सरकवता येणारं लॉक मिळालं तर त्याचे जास्तीचे पैसे वसूल होतात. दुपारी एक खाच सैल, रात्री एक खाच घट्ट, हत्यार लागत नाही.

घट्टपणा किती? लॉकच्या खालून करंगळी सहज जावी, तर्जनी अडावी. हात खाली सोडून झटकला की घड्याळ मनगटाच्या हाडावरून पुढे पंज्यावर जाऊ नये. घड्याळाची जागा हाडाच्या मागे, कोपराकडच्या बाजूला. हात पंज्याकडे निमुळता होतो, त्यामुळे सैल घड्याळ पुढे सरकून हाडावर टेकतं, तिरकं होतं आणि तळवा मागे वळवला की चावी हाताच्या पाठीत रुतते. चावी रुतते म्हणून घड्याळ मोठं आहे असं लोक ठरवतात. बऱ्याचदा ते फक्त एक बोट पुढे आलेलं असतं.

बॉडी खरंच मोठी असेल तर मात्र कापणी काही करू शकत नाही. मनगटाच्या सपाट भागाची रुंदी पट्टीने मोजा आणि कानापासून कानापर्यंतचं माप त्याहून कमी ठेवा. डायलचा व्यास बघून निर्णय घेऊ नये. चेनची पहिली कडी बॉडीच्या कानांच्या बाहेर ताठ निघालेली असेल तर तीही या मापात धरा. बारीक मनगटावर ती कडी हवेत राहते आणि खालून उजेड दिसतो. कानांच्या आतूनच खाली वाकणारी चेन अशा हाताला नेहमी बरी.

चेन कापण्याची सेवा

चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ, बाजारपेठ कुठलीही असो, चेन कापणं हे पाच मिनिटांचं आणि किरकोळ पैशांचं काम आहे. हाताचं कसब सगळीकडे चांगलं दिसतं. कमी पडतं ते माप घेण्यात. ठरलेली पद्धत अशी: चेन हातावर घालून खालून चिमटीत धरायची, जास्तीच्या कड्या मोजायच्या, निम्म्या इकडून निम्म्या तिकडून. विषम आकडा आला तर जी पिन आधी निघेल ती बाजू. कुडाळकडे विचारलंत तर उत्तर मिळेल, ‘दोनय बाजूक सारख्यो काढतंय.’ त्यात त्यांची चूक नाही, गिऱ्हाईक कधी वेगळं मागतच नाही. म्हणून मागावं. ‘काका, तीन काढायच्यात ना? सहाच्या बाजूच्या दोन काढा, बाराच्या बाजूची एक. आणि काढलेल्या कड्या पिनांसकट द्या.’ एवढं वाक्य पुरतं. कुणी त्याला नाही म्हणत नाही.

कड्या परत घेणं विसरू नका. वजन वाढलं, वय वाढलं की लागतात, आणि त्या मॉडेलची सुटी कडी नंतर मिळणं कठीण.

काम चालू असताना तीन गोष्टी बघाव्यात. पहिली, बाण. कडीच्या आतल्या बाजूला बारीक बाण कोरलेला असतो. पिन बाणाच्या दिशेने ठोकून बाहेर काढायची आणि परत बसवताना बाणाच्या टोकाकडून आत घालायची. उलट ठोकलेली पिन निघते, पण भोक सैल होतं, आणि सैल भोकातली पिन महिन्याभरात डोकं बाहेर काढते. पिनचं टोक बोटाला लागलं की समजावं.

दुसरी, नळी. सीकोच्या बऱ्याच चेनमध्ये पिनसोबत एक तीळभर नळी असते. पिनला घट्ट धरते ती नळीच. पिन ठोकताना ती निसटून टेबलाखाली जाते, कुणाच्या लक्षात येत नाही, पिन परत आत जाते आणि सगळं ठीक दिसतं. काही दिवसांनी पिन आपोआप सरकते आणि घड्याळ जेटीवर पडतं. अशी चेन असेल तर कागद किंवा पांढरं फडकं खाली पसरून काम करायला सांगा.

तिसरी, स्क्रू. काही चेन स्क्रूच्या असतात. घट्ट बसलेला स्क्रू जोर लावून फिरवला की त्याची खाच झिजते. थोडी ऊब दिली की आतला गोंद सैल होतो. परत बसवताना निळा थ्रेडलॉक (स्क्रू जागेवर धरणारा गोंद) सुईच्या टोकावर मावेल एवढाच लावावा. या कामाला चांगला, नेमक्या मापाचा पेचकस लागतो. तो दुकानात नसेल तर दुसरं दुकान बघावं.

सेवेला एकूण शेरा: हात चांगला, वेळ कमी, माप अर्धवट. सांगून करून घेतलं तर काम पक्कं होतं.

मीठ

चांगल्या चेनचं स्टील ३१६एल जातीचं असतं आणि ते खाऱ्या हवेत टिकतं. टिकत नाहीत त्या आतल्या पिना. चेन बॉडीला जोडणारी स्प्रिंगची पिन बाहेर काढून बघा. मधली नळी चकचकीत असते आणि टोकाशी, जिथे ती कानाच्या भोकात जाते, तिथे तपकिरी भुकटी. ती भुकटी म्हणजे गंज. टोक झिजलं की पिन अर्ध्या मिलिमीटरवर लोंबकळत राहते आणि स्कूटरवर एखाद्या खड्ड्यात सुटते. हर्णै, मिरकरवाडा, मालवण अशा बंदरावर रोजचं काम असेल तर या पिना वर्षातून एकदा बदलाव्यात. स्टेनलेसच्याच मागाव्यात. रुंदी कानांमधल्या अंतराएवढी, १८, २० किंवा २२ मिमी. जाडी बहुतेक घड्याळांना १.५ किंवा १.८ मिमी लागते, सीकोच्या डायव्हिंग घड्याळांना मात्र २.५ मिमीची. जाड पिनेच्या जागी बारीक पिन घातली की ती बसते, पण चेन हलते आणि भोक खराब होतं.

घाम, मीठ आणि कातडीचा मळ मिळून कड्यांमध्ये काळी पेस्ट जमते. तिने कड्या आखडतात. आखडलेली कडी वळत नाही, म्हणजे ताठ भाग आणखी लांब होतो, आणि नीट कापलेली चेनसुद्धा वाकडी बसू लागते. घड्याळ ‘अचानक’ घसरायला लागलं तर कापण्याआधी धुऊन बघा. चेन बॉडीपासून सोडवा, कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, दहा मिनिटं भिजत, मग जुन्या मऊ ब्रशने लॉकच्या घडीत आणि कड्यांच्या फटीत घासा. गोड्या पाण्याने धुऊन पंख्याखाली वाळवा. समुद्रात किंवा खाडीत हात गेला असेल त्या दिवशी नुसतं गोडं पाणी मारलं तरी पुरे. चेन न सोडवता धुणार असाल तर चावी आत दाबलेली आहे ना ते आधी बघा, आणि डायलवर ३० मीटर लिहिलं असेल तर नळाखाली धरूच नका. तो आकडा शिंतोड्यांपुरता असतो. पोहायला १०० मीटरचं हवं.

मनगटाला खाज येऊन लाल चट्टा उठत असेल तर दोन कारणं शक्य आहेत. नुसता घाम अडकला असेल तर चेन एक भोक सैल करून आणि धुऊन चट्टा जातो. निकेलची ॲलर्जी असेल तर जात नाही. ३१६एलमध्येही निकेल असतं. अशा हाताला टायटॅनियमची चेन किंवा नायलॉन. टायटॅनियम स्टीलच्या जवळजवळ निम्म्या वजनाचं, त्यामुळे घसरणंही कमी, पण चरे लवकर पडतात.

रबर: पावसाळ्याचा पट्टा

जून ते सप्टेंबर दुसरा विचार करायचं कारण नाही. भिजलं, पुसलं, झालं. पण रबर म्हणून दुकानात तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. सिलिकॉन मऊ असतं, स्वस्त असतं, धूळ आणि लोकरीचे तंतू ओढतं, आणि पिनेच्या भोकाशी फाटतं. पॉलियुरेथेनचा कडक पट्टा, साध्या डिजिटल घड्याळांना येतो तो, दमट उष्ण हवेत काही वर्षांनी चिकट होतो किंवा तडकतो. तिसरं एफकेएम, म्हणजे फ्लुओरोरबर. महाग, जड, पण डिझेल, माशाचं तेल, सनस्क्रीन कशानेच बिघडत नाही. होडीवर, इंजिनाजवळ काम असेल त्याने हेच घ्यावं.

रबराची अडचण भोकांची आहे. दोन भोकांमध्ये ५ ते ७ मिमी, मधलं माप नाही. भोकं जवळजवळ असलेला पट्टा निवडा आणि आतल्या बाजूला खाचा किंवा उंचवटे आहेत ना ते बोट फिरवून बघा. आतून गुळगुळीत रबर घामाने कातडीला चिकटतं.

जड घड्याळाला रबर लावताना आणखी एक गोष्ट होते. स्टीलची चेन स्वतः बॉडीच्या बरोबरीने जड असते आणि खालून तोल धरते. ती काढून हलका पट्टा लावला की वरचं १३ मिमी जाड ऑटोमॅटिक घड्याळ एकटं डुलतं. त्याला पट्टा जाड आणि थोडा घट्ट लागतो. कॅसिओ एफ-९१डब्ल्यूला यातलं काही लागत नाही. १९८९ पासून विकलं जाणारं हे घड्याळ पट्ट्यासकट २१ ग्रॅमचं आहे. कसंही बांधा, जागेवर राहतं. बागेत, होडीवर, मासळी कापताना वापरायला आजही यापेक्षा समजूतदार खरेदी सुचवता येत नाही.

चामडं

दिवाळी ते होळी, एवढंच. पावसाळ्यात चामड्यावर चार दिवसांत पांढरी बुरशी चढते आणि घामाचा वास नंतर जात नाही.

मात्र बसण्याच्या दृष्टीने चामड्यात एक बारकावा आहे, आणि तो बारीक मनगटाच्या माणसाला फार उपयोगी पडतो. बक्कलचा तुकडा १२ च्या बाजूला लागतो आणि बहुतेक तयार पट्ट्यांत तो ७५ मिमी असतो. बक्कल कुठे येणार हे या तुकड्यावरच ठरतं, भोकावर नाही. मनगट १६० मिमी, बॉडी ४६ मिमी धरा. उरले ११४, त्याचे निम्मे ५७, पट्ट्याची जाडी धरून ६१-६२. ७५ चा तुकडा लावला की बक्कल मध्य ओलांडून अंगठ्याच्या बाजूला जातं आणि टेबलावर हात ठेवला की तिथेच टोचतं. अशा हाताला ६५ मिमीचा आखूड तुकडा मागवा. १८० मिमीच्या हाताला ७५ ठीक बसतो. एचएमटी जनताची बॉडी ३५ मिमीची आणि पट्टा १८ मिमीचा. आजोबांचं असं घड्याळ दुरुस्त करून घातलं जातं तेव्हा त्याला नेमका लांब पट्टा लावला जातो आणि घड्याळ उगाच बदनाम होतं.

नायलॉन आणि जाळी

नायलॉनचा एकेरी, ताणणारा, चिकटपट्टीने बंद होणारा पट्टा हा घड्याळ मध्यावर ठेवण्यात सगळ्यात सोपा. ताठ लॉक नाही, भोकं नाहीत, हवं तेवढं माप. लष्करी धर्तीचा दुहेरी पट्टा, ब्रिटिश संरक्षण खात्याच्या १९७३ च्या नमुन्यावरचा, एक स्प्रिंगची पिन तुटली तरी घड्याळ पडू देत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण त्याचे दोन थर बॉडीखाली जातात आणि घड्याळ दोन-अडीच मिमी वर उचललं जातं. जाड घड्याळाला तो लावू नये. पावसात दोन्ही लवकर वाळत नाहीत, म्हणून दोन पट्टे आलटून पालटून वापरा. कोकमाचा डाग नायलॉनवर कायमचा. फणसाचा चीक लागला तर पाणी लावू नका, खोबरेल चोळा, मग साबण.

जाळीची चेन दिसायला सुंदर, माप हवं तसं सरकतं, हवाही खेळते. पण गणपतीपुळ्याची किंवा तारकर्लीची वाळू एकदा जाळीत शिरली की ब्रशनेही पूर्ण निघत नाही, आणि हातावर केस असतील तर ते ओढले जातात. किनाऱ्यावर राहणाऱ्याने ती घरातल्या समारंभापुरती ठेवावी.

ज्या बायका बांगड्यांमुळे डायल मनगटाच्या आतल्या बाजूला घालतात त्यांनी वरचा चेनचा नियम उलटा वाचावा. तिथे १२ ची बाजू अंगठ्याकडे येते, आणि लॉक वरच्या हाडाजवळ बसतं. त्यामुळे लॉक जितकं आखूड तितकं बरं, आणि शक्य असेल तर लॉकऐवजी साधं बक्कलच.